व्याज कोणाचे? नवऱ्याचे की दोघांचे?

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे पेठेचे गाव. पैशाचा हिशेब या गावाला नवा नाही. पण आपल्या वस्त्यांत बँकेतल्या ठेवीचा हिशेब ही एका पिढीची गोष्ट आहे. बापाने सावकाराचे व्याज भरले. मुलाने आरक्षणाच्या आधाराने जिल्हा परिषदेत, एस.टी.त, वीज मंडळात नोकरी धरली आणि निवृत्तीनंतर त्या घरात पहिल्यांदा व्याज बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागले. या व्याजावर सरकार कर कसा लावते, हा प्रश्न म्हणूनच चळवळीचा आहे. तो सी.ए.च्या टेबलावर सोडून देण्यासारखा नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणा. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. बाई कधी नोकरीला नव्हत्या. मात्र गुरुजी डी.एड. करत होते तेव्हा त्या दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जात होत्या. पुढे सासू-सासऱ्यांचे दुखणे, पोरांच्या शाळा, घराचे बांधकाम, सगळे त्यांनीच निभावले. निवृत्तीला ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन विक्रीची रक्कम हाती आली. गुरुजी बाबासाहेबांना मानणारे. त्यांनी निम्मी रक्कम बाईंच्या नावाने ठेवली. आता या ठेवीचे व्याज कोणाचे? बँकेची पावती म्हणते, बाईंचे. आयकर कायदा म्हणतो, गुरुजींचे!

नवऱ्याने पुरेशा मोबदल्याशिवाय बायकोला मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचे, असा हा नियम आहे. बायकोने नवऱ्याला दिले तरी नियम तोच, पण आपल्याकडे पैसा कोणाच्या नावावर असतो हे सांगायला नको. हा नियम इंग्रजांनी १९३७ साली आणला, १९६१ च्या कायद्याने तो कलम ६४ मध्ये जपला. १९६१ सालीच अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याविरुद्ध बालाजी नावाच्या करदात्याने लढवलेल्या खटल्यात, पत्नी आणि अज्ञान मुलांचे भागीदारीतले उत्पन्न त्याच्या उत्पन्नात धरणे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. करचुकवेगिरी रोखायची, हे त्यामागचे कारण. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, बायकोविषयीची समजूत बदलली नाही.

‘पुरेसा मोबदला’ हे शब्द वाचून आम्हाला संताप येतो. पस्तीस वर्षांचे राबणे हा मोबदला नव्हे काय? कायद्याच्या लेखी नव्हे. गंमत पाहा, उद्या गुरुजी वारले आणि तीच ठेव वारशाने बाईंकडे आली, तर तिचे व्याज बाईंचे धरले जाते. म्हणजे पैसा बाईंचा व्हायला आधी नवरा मरावा लागतो.

हे सगळीकडे असेच आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. आंबोली घाट उतरून सावंतवाडी ओलांडली की गोवा लागतो. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. लग्न झाले की मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा. याच आयकर कायद्याने, १९९४ साली कलम ५अ घालून आणि ते १९६३ पासून लागू करून, या पद्धतीतील पती-पत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे निम्मे धरायचे ठरवले. नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. पेन्शन पगारात मोडते, ती वाटली जात नाही. ठेवीचे व्याज मात्र वाटले जाते.

आकड्यांत पाहू. एका निवृत्त प्राध्यापकाला महिना ७५ हजार पेन्शन आहे. वर्षाचे ९ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सव्वाआठ लाख उरतात. ठेवींचे व्याज ५ लाख. पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. जयसिंगपूरच्या जोडप्यात सगळे व्याज नवऱ्याच्या डोक्यावर येऊन उत्पन्न १३ लाख २५ हजार होते आणि उपकरासह ८१ हजार ९०० रुपये कर बसतो. गोव्याच्या पद्धतीत नवऱ्याचे पावणेअकरा लाख, बायकोचे अडीच लाख आणि कर शून्य. देश एक, आयकर कायदा एक. फरक एवढाच की तिथे बायको अर्ध्या वाट्याची मालकीण आहे.

अमेरिकेत नेमका हाच तंटा झाला होता. तिथल्या काही राज्यांत सामाईक मालमत्तेचा कायदा होता आणि १९३० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांतील जोडप्यांना उत्पन्न निम्मे वाटून दाखवण्याचा हक्क मान्य केला. बाकी राज्यांतील जोडप्यांना तो नव्हता. अखेर १९४८ साली तो साऱ्या देशाला दिला गेला. आपल्याकडे गोव्याची तरतूद साऱ्या देशाला मिळाली नाही.

श्रीमंत लोक बायकोच्या नावावर पैसा ठेवून कर बुडवतील, हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. पण श्रीमंतांना बायकोच्या नावाची गरजच काय? त्यांच्यासाठी ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ आहे. त्याला स्वतंत्र पॅन, स्वतंत्र करमुक्त मर्यादा. वडिलोपार्जित वाडा, जमीन, पेढी असलेल्यांना ते सोयीचे. ज्यांच्या बापजाद्यांना काही ठेवूच दिले नाही, त्यांना त्याचा काय उपयोग? बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात जन्मसिद्ध सामाईक हक्काची ही पद्धत मोडून प्रत्येकाचा वाटा स्वतंत्र धरण्याची तरतूद होती. स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी असावी, हा त्या बिलाचा गाभा होता. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अविभक्त कुटुंब आयकरात आजही सुखाने नांदते आहे आणि बाईंची ठेव मात्र नवऱ्याच्या खात्यात मोजली जाते.

म्हणून गोव्याची तरतूद देशभरातील निवृत्त जोडप्यांना, निदान ठेवींच्या व्याजापुरती, ऐच्छिक म्हणून द्यावी, अशी आमची मागणी आहे. श्रीमंतांची भीती वाटत असेल तर व्याजाला वर्षाला १० लाखांची कमाल मर्यादा घाला.

कोणी म्हणेल, १२ लाखांपर्यंत कर नाही, मग आपल्यातल्या बहुतेकांना हे लागतेच कुठे? खरे आहे. बहुतेकांना कर लागत नाही. पण कापला जातो! ज्येष्ठ नागरिकाचे एका बँकेतील वर्षाचे व्याज १ लाखावर गेले की बँक १० टक्के टी.डी.एस. कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. १ लाख २० हजार व्याज असलेल्या शिपाईदादांचे १२ हजार, पॅन नसेल तर २४ हजार जातात. देणे एक पैशाचेही नसते. वयाचीही मेख आहे. शिक्षकाला ५८ व्या वर्षी घरी पाठवतात, आयकर मात्र त्याला ६० व्या वर्षी ज्येष्ठ मानतो. मधली दोन वर्षे ही मर्यादा १ लाखाची नव्हे, ५० हजारांची. बाई वयाने लहान, म्हणून त्यांच्या नावच्या ठेवीला ती आणखी काही वर्षे ५० हजारच. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या ज्येष्ठांना २०१८ पासून व्याजावर ५० हजारांची वजावट आहे, नव्या प्रणालीत ती नाही.

तेव्हा कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. बाईंचे पॅन कार्ड काढा. त्यांची स्वतःची मजुरी, माहेरचा वाटा, बचत गटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्या पैशाचे व्याज निर्विवाद त्यांचे आहे. गुरुजींनी दिलेल्या ठेवीचे व्याजही बाईंनी वेगळे काढून पुन्हा ठेवले, तर त्या व्याजावरचे व्याज गुरुजींच्या उत्पन्नात धरले जात नाही, त्यामुळे दोन खाती एकात मिसळू नका. संयुक्त ठेवीचा टी.डी.एस. पहिल्या नावावर पडतो, तेव्हा पहिले नाव विचार करून घाला. आणि आर्थिक वर्ष सुरू होताच, एप्रिलमध्येच, आपण ‘१५ एच’ म्हणून ओळखतो ते कर लागत नसल्याचे घोषणापत्र प्रत्येक बँकेत द्या. ते राहून गेले आणि पैसे कापले गेले असतील तर विवरणपत्र भरून परतावा मागा. जयसिंगपूर-शिरोळच्या विहारांत शनिवार-रविवारी वंदनेनंतर तासभर हे फॉर्म भरून देण्याचे काम आपल्यातलेच निवृत्त बँक कर्मचारी सहज करू शकतील.