शिष्यवृत्ती पहिली येणारीसाठी की पहिल्यांदा शिकणारीसाठी?

शिष्यवृत्ती आणि पारितोषिक हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. पारितोषिक हे पोहोचलेल्या मुलीचे कौतुक असते. शिष्यवृत्ती ही पोहोचू न शकणाऱ्या मुलीसाठीची तरतूद असायला हवी. नंदुरबार जिल्ह्यात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत या दोन्हींची अशी सरमिसळ झाली आहे की, जिला चार पैशांची खरी गरज आहे तिच्या हातात वेळेवर काहीच पडत नाही. समाज मात्र ‘सरकार सगळे देते, या मुलीच शिकत नाहीत’ असे म्हणून मोकळा होतो. हा लेख त्या म्हणण्याविरुद्ध आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहीजणी विचारतील, की कुपोषण, वनहक्क, सरदार सरोवराचे विस्थापन, डाकीण ठरवून बाईला मारणे, एवढे जळते प्रश्न समोर असताना रसायनशास्त्र कुठून काढले? प्रश्न रास्त आहे. पण याच प्रश्नांकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू या. सातपुड्याच्या पाड्यावर हातपंपाचे पाणी डोक्यावरून आणते बाई. ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे तपासून सांगते कोण? भिल, पावरा, मावची वस्त्यांमध्ये सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्ताचा थेंब परीक्षानळीत घालून पहिली चाचणी करणारी मुलगी आपल्याच पाड्यातली, आपलीच बोली बोलणारी का असू नये? जिल्ह्याची सीमा ओलांडली की गुजरातेत अंकलेश्वरला रसायनांचे कारखाने उभे आहेत. या पट्ट्यातली माणसे गुजरातेत जातात ती बहुतेक ऊस तोडायला, नाहीतर पाट्या वाहायला. प्रयोगशाळेच्या टेबलाशी आपली मुलगी उभी राहायची असेल, तर तिला पदवीची तीन वर्षे तगून राहता आले पाहिजे. प्रश्न तगण्याचा आहे, हुशारीचा नाही.

शहाद्याच्या परिसरात १९७२-७३च्या सुमारास श्रमिक संघटनेच्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, हा आपल्या चळवळीचा अभिमानाचा इतिहास आहे. त्या बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या नाती आज कॉलेजच्या दारात आल्या आहेत. आजींनी संघटनेच्या बळावर जे मिळवले ते नातींना एकेकटीने, अर्ज भरून, रांगेत उभे राहून मिळवायला सांगितले जात आहे.

जरा आकडे पाहू. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. बायकांची त्याहूनही खाली. अशा जिल्ह्यात बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन रसायनशास्त्राच्या वर्गात बसणारी मुलगी बहुधा घरातली पहिलीच पदवीला गेलेली असते. कित्येकदा पाड्यातली पहिली.

तिच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ही योजना जुनी आहे. अनुसूचित जातींसाठी १९४४पासून आणि जमातींसाठी १९४८-४९पासून ती चालत आली. कॉलेजचे शुल्क त्यातून भागते, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण शुल्क भरले म्हणजे शिक्षण झाले का? जगण्यासाठी जो निर्वाहभत्ता दिला जातो त्याचे केंद्राच्या योजनेतले दर २०१० साली ठरले. साध्या पदवीच्या विद्यार्थिनीला वसतिगृहात राहत असल्यास महिन्याला ५७० रुपये आणि घरून ये-जा करत असल्यास ३०० रुपये. पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी आदिवासी विद्यार्थिनीसाठी हेच दर कायम राहिले. ३०० रुपयांना ३० दिवसांनी भागा. दिवसाला १० रुपये. या १० रुपयांत प्रवास, डबा, वही, पाळीच्या दिवसांतला खर्च, सगळे आले.

आता रसायनशास्त्राच्या मुलीचा दिवस पाहा. बी.ए.च्या मुलीचे तास दुपारपर्यंत आटोपतात. रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलची बॅच दुपारनंतर लागते. टायट्रेशन करता करता, जर्नल तपासून सही घेता घेता संध्याकाळ होते. धडगावच्या घाटात जाणारी शेवटची गाडी प्रॅक्टिकल संपायची वाट पाहत नाही. मग मुलगी एकतर प्रॅक्टिकल अर्धे सोडते, नाहीतर शहरात खोली घेते. खोली घ्यायची म्हटले की घरात प्रश्न उठतो: ‘एकटी पोर, शहरात कुणाच्या भरवशावर?’ भाडे हा पैशाचा प्रश्न, आणि भरवसा हा पुरुषसत्तेचा. दोन्ही मिळून मुलीला दुसऱ्या वर्षाच्या आत घरी बसवतात आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न ठरायला वेळ लागत नाही. बारावीपर्यंत गावच्या मुलीला एस.टी.चा पास मोफत असतो. बी.एस्सी.ला गेली की पासाला पैसे मोजायचे. जिथे प्रवास लांबतो तिथेच मोफत पास संपतो, हे कुठले शहाणपण?

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठी राज्याने २०१६-१७पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी वर्षाला ४३,००० रुपये धरले. योजना चांगली आहे. पण तिच्यातली एक ओळ वाचा. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,००० रुपये, ‘इतर’ शाखांना २,०००. रसायनशास्त्र इथे ‘इतर’ आहे. एप्रन, जर्नल, फुटलेल्या काचेच्या नळीची भरपाई, संदर्भाची जाड पुस्तके, हे सगळे ‘इतर’ मध्येच बसवायचे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले, तेव्हा सर्वत्र आनंद व्यक्त झाला. तिथेही शब्द ‘व्यावसायिक’ असाच आहे. साध्या बी.एस्सी.ला जाणारी शेतमजुराची मुलगी त्यात नाही. शासनाच्या लेखी मूलभूत विज्ञान हे जणू हौसेचे शिक्षण आहे.

‘मग हुशार मुलींसाठी इन्स्पायर आहे ना?’ असे प्राध्यापक मंडळी सांगतात. आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००८ साली सुरू केलेल्या या योजनेत मूलभूत विज्ञानाच्या पदवीला जाणाऱ्यांसाठी वर्षाला १०,००० शिष्यवृत्त्या ठेवल्या. महिना ५,००० रुपये, आणि उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी वर्षाला २०,००० वेगळे. म्हणजे वर्षाचे ८०,०००. वर दिलेल्या ३०० रुपयांच्या सोळा पटींहून अधिक! पात्रता काय? आपापल्या परीक्षा मंडळाच्या बारावीत सर्वांत वरच्या १ टक्क्यात येणे, किंवा डॉक्टरी-इंजिनियरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेत वरचा क्रमांक मिळवणे. पुढेही दरवर्षी ठराविक गुण राखायचे.

पुण्याच्या क्लासमध्ये दोन वर्षे घासलेली मुलगी आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला न जाता धाकट्या भावंडांना सांभाळून बारावी दिलेली अक्राणीची मुलगी एकाच यादीत मोजायची, आणि वरचा १ टक्का कापून घ्यायचा, याला आपण समान संधी म्हणतो. पहिलीच्या मार्कांत तिच्या बापाचा पगार, आईचे शिक्षण, घरातली वीज आणि स्वतंत्र टेबल मिसळलेले असते. दुसरीच्या मार्कांतून तेवढेच वजा झालेले असते. हे गणित कुणीच मांडत नाही.

हे आजचे म्हणणे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच सांगितले होते. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत कागदावर न्याय्य दिसली तरी तिने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांचा हिस्सा वेगळा ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. ते सांगितल्यानंतर सव्वाशे वर्षांनी देशाने विज्ञानासाठी मोठी शिष्यवृत्ती काढली आणि ती पुन्हा स्पर्धेवरच बेतली. फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी ते निवेदनही एकदा वाचावे.

‘गुणवत्ता असेल तर दार उघडतेच’ असे म्हणणाऱ्यांसाठी कमला सोहोनींचे उदाहरण पुरे आहे. त्या माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन त्या पहिल्या आल्या. तरीही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या अटीने घेतले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. नीरेवर त्यांनी केलेले काम तर आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहाराशी थेट जोडलेले होते. म्हणजे कुपोषण आणि रसायनशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत असे समजणाऱ्यांना त्यांनी कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. पण मुद्दा हा, की घरात दोन रसायनशास्त्रज्ञ आणि हातात पहिला क्रमांक असलेल्या मुलीलाही भांडावे लागले. जिच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलेले नाही, तिने केवळ मार्कांच्या बळावर दार उघडावे ही अपेक्षा निर्दय आहे.

आता पारितोषिकांकडे येऊ. कॉलेजांच्या वार्षिक समारंभात ‘कै. मातोश्री अमुकबाई स्मरणार्थ’ अशी बक्षिसे वाचली जातात. कुणा मुलाने आईच्या नावे कधीकाळी ठेव ठेवलेली असते, तिच्या व्याजातून रसायनशास्त्रात पहिली येणाऱ्या मुलीला २५१ किंवा ५०१ रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळते. भावना चांगली आहे. पण या मातोश्रींपैकी कितीजणींना शाळेत पाठवले होते? या भागाचे विद्यापीठ १९९० साली जळगावला झाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या. न शिकवलेल्या बाईच्या नावाचा गौरव करायचा असेल, तर तिच्यासारख्या मुलीला शिकवणे हाच एक मार्ग आहे. पहिल्या आलेल्या मुलीला आणखी एक प्रशस्तिपत्र देऊन ते साधत नाही. आपल्या महिला संस्थाही दर जुलैत गुणवंत मुलींना पेन आणि गुलाबाचे फूल देतात. त्या पैशांत एका मुलीचा वर्षाचा पास निघेल.

आणखी एक भोक दाखवते. २०२४च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या पात्र बाईला महिना १,५०० रुपये मिळू लागले. पदवीला जाणारी मुलगी १८, १९, २० वर्षांची. ती २१ची होईस्तोवर पदवी संपलेली असते, किंवा सुटलेली असते. मुलगी शिकते त्या वयात तिच्या नावावर काही नाही.

म्हणून आपण काय मागायचे?

पहिले, निर्वाहभत्त्याचे दर महागाईनुसार दरवर्षी वाढावेत आणि पैसे दर महिन्याला हातात पडावेत. वर्ष सरल्यावर आलेल्या रकमेने कर्ज फिटते, शिक्षण होत नाही. दुसरे, प्रयोगशाळेचे विषय ‘इतर’ मधून काढून त्यांच्या साहित्याचा खर्च वेगळा धरावा. तिसरे, एस.टी.चा मोफत पास बी.एस्सी.पर्यंत वाढवावा, आणि प्रॅक्टिकलच्या बॅचा लावताना कॉलेजांनी एस.टी.चे वेळापत्रक समोर ठेवावे. याला तर एक पैसाही लागत नाही. चौथे, गुणवत्तेच्या प्रत्येक शिष्यवृत्तीत तालुकावार हिस्सा हवा. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा, नंदुरबार, प्रत्येक तालुक्यात पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुली पुढे आल्या पाहिजेत. पाचवे, देणगीदारांना भेटून सांगू या, की मातोश्रींच्या नावाचे बक्षीस पहिलीला नको, एखाद्या विषयात राहून पुन्हा उभी राहिलेल्या मुलीला द्या.

आणि एक काम आपले. माहितीचा अधिकार कायदा २००५पासून आपल्या हातात आहे. येत्या प्रवेशाच्या हंगामात प्रत्येक तालुक्यातल्या महिला गटाने एकेका कॉलेजकडे तीनच प्रश्न विचारावेत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला किती मुली आल्या? त्यातल्या तिसऱ्या वर्षापर्यंत किती पोहोचल्या? शिष्यवृत्तीचा पैसा कोणत्या महिन्यात कुणाच्या खात्यात पडला? ही उत्तरे गोळा करून प्रकल्प कार्यालयावर एकत्र जाऊ. मधल्या दोन वर्षांत गळालेल्या मुलींची नावे कुणाच्याच यादीत नसतात. त्यांच्या घरी जाऊन ती यादी आपणच करायची आहे.