लेखकाचा जन्मदाखला

चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना पत्राचा मायना सुचला नाही, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर 'चिरंजीव' म्हणावे की 'तीर्थरूप' हेच त्यांना ठरवता येईना. वयाने पाहावे तर समोरचा पोर, आणि ज्ञानाने पाहावे तर आपणच त्याच्यापुढे पोर! अखेर त्यांनी कोराच कागद पाठवून दिला. इतकी वर्षे जगूनही हा कोरा तो कोराच राहिला, असे मुक्ताबाई तो कागद पाहून म्हणाल्या म्हणतात; आणि त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांकडून पासष्ट ओव्या गेल्या. कथा दंतकथा असेल, परंतु तिच्यातली अडचण अगदी खरी आहे आणि ती अजूनही सुटलेली नाही. मजकूर हाती आल्यावर आधी लिहिणाऱ्याचे वय पाहावे, की आधी मजकूर वाचावा?

आपल्या याच अंकाचे उदाहरण घ्या. मराठी विभाग असो वा कन्नड, प्रत्येक लेखाच्या शिरोभागी लेखकाचे नाव आणि नावाखाली त्याचा वर्ग छापलेला असतो. 'विभागप्रमुख' असे दिसले की वाचक खुर्चीत सावरून बसतो. 'बी. कॉम. भाग २' असे दिसले की तो पान उलटतो, आणि नाहीच उलटले तर शेवटी म्हणतो, "वयाच्या मानाने बरे लिहिले आहे." मीही हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. ते प्रेमाने म्हटले जाते, हे मला मान्य आहे. परंतु, मित्रहो, या वाक्यात लेखातल्या मुद्द्याविषयी एक अक्षरही नाही. मुद्दा बरोबर की चूक, हे न सांगताच लेखकाची पाठ थोपटून त्याला घरी पाठवून देण्याची ही सोय आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. वयाचा प्रश्न आम्हाला पहिल्याच वर्षी भेटतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला, हे आमच्यातल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेले आहे. मला मात्र त्यातल्या शब्दाची गंमत वाटते. मराठी दस्तऐवजांत अशा व्यक्तीला 'अज्ञान' म्हणतात, आणि अठरा पुरी झाली की ती रातोरात 'सज्ञान' होते! कन्नडमध्ये तिलाच 'अप्राप्त वयस्क' म्हणतात, म्हणजे जिचे वय अजून भरलेले नाही एवढेच. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड गल्लीत आणि बाजारात शिकलो. दोन्ही भाषांचे माझ्यावर उपकार आहेत. तरीही या एका शब्दापुरता मी कन्नडच्या बाजूने मत देईन. वय कमी असणे आणि ज्ञान नसणे या दोन गोष्टी मराठीने एकाच शब्दात कोंबल्या, आणि मग तो शब्द कचेरीतून आपल्या मनात येऊन बसला.

शिवाय कायद्याने हे बंधन घातले ते अज्ञानाच्या रक्षणासाठी. त्याच्या मालमत्तेवर कोणी डल्ला मारू नये म्हणून. १९३२ च्या भागीदारी कायद्यात तर त्याला धंद्याच्या नफ्यात सामील करून घेण्याची मुभाही आहे. त्याचा विचार ऐकू नये, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते कलम आपण वाचकांनी आपल्या पदरचे घातले आहे.

आता या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण पाहू. त्यासाठी महूला जावे लागेल. इंदूरजवळचे महू हे आपल्या बेळगावसारखेच छावणीचे गाव. तेथील लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ शिक्षक होते, आणि तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा मुलगा भीमराव जन्मला. २००३ साली त्या गावाला 'डॉ. आंबेडकर नगर' हे नाव देण्यात आले आणि दर १४ एप्रिलला तेथे मोठी गर्दी लोटते. थोर पुरुषाच्या चरित्रात जन्मतारीख पहिल्याच ओळीत असते आणि आपण ती पाठही करतो. पण त्या तारखेवरून एक साधी वजाबाकी करून पाहावी, असे फारसे कोणाला सुचत नाही.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढे, भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. वजाबाकी करा. त्या दिवशी त्यांना पंचवीस वर्षे पुरी होऊन महिनाही झालेला नव्हता. म्हणजे आपल्याकडे एम. कॉम. करून नोकरीचे अर्ज लिहीत बसण्याचे ते वय. आणि निबंधात समोर कोण? फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ले. या बड्या बड्या मंडळींनी केलेल्या जातीच्या व्याख्या या विद्यार्थ्याने एकेक करून तपासल्या आणि त्यांत कमी काय, जास्त काय, ते दाखवले. चौथे नाव आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. त्यांच्या व्याख्येला आंबेडकरांनी इतरांपेक्षा अधिक वजन दिले, आणि जेथे पटले नाही तेथे तसे स्पष्ट लिहिले. योगायोग असा की, केतकरांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला तेव्हा तेही पंचवीस वर्षांचेच होते.

जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली ते बंधन टिकवण्यासाठीच आल्या, असा त्या निबंधाचा गाभा आहे. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आजही जातीचा अभ्यास करणाऱ्याला तो वाचावाच लागतो. "पंचविशीच्या मानाने बरा आहे," असे त्याविषयी कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या प्रसिद्ध प्रबंधाची तिसरी आवृत्ती १९४४ साली निघाली, तेव्हा प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लिहिले की हा जुना निबंध त्यात सामावून सगळे नव्याने लिहावे असा आपला विचार होता, केवळ सवड मिळाली नाही. त्रेपन्नाव्या वर्षीच्या लेखकाला पंचविसाव्या वर्षीचे आपले लेखन शेजारी बसवावेसे वाटले. लेखनाला वय नसते याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

यावर कोणी म्हणेल, "अहो, ते बाबासाहेब होते!" हीच तर आपली जुनी युक्ती आहे. ज्ञानदेवांच्या बाबतीतही आपण हेच केले. कोवळ्या वयात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्याला आपण चमत्कार ठरवले, म्हणजे बाकीच्या सर्व पोरांचे न ऐकायला आपण मोकळे! तरुणाचे म्हणणे मान्य करायचे तर आधी त्याला अवतार करायचे, ही अट फार महागडी आहे.

मला तर अशी शंका येते की 'वय' हे पुष्कळदा खऱ्या कारणावर घातलेले पांघरूण असते. १९१८ साली आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे आम्हा वाणिज्यवाल्यांच्याच कॉलेजात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रारंभी विद्यार्थ्यांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कारण वय नव्हते, जात होती. पुढे त्यांची तयारी पाहून दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. आणि १९३६ साली, पंचेचाळिशीत, परदेशच्या दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट हाती असताना, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातला मजकूर मानवला नाही म्हणून अधिवेशनच रद्द केले. मग वय वाढून, पदव्या वाढून विश्वास वाढला कुठे? ज्याला ऐकायचे नसते त्याला विशीत 'अजून लहान आहे' हे कारण सापडते आणि पन्नाशीत दुसरे सापडते.

याहून लहान आवाज मुक्ता साळवे हिचा. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती असे सांगतात. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने केला. चौदा वर्षांच्या मुलीला धर्मशास्त्र काय कळते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु तो सवाल चाळिशीतल्या पंडिताला पडला नव्हता, कारण त्याला तो पडण्याचे कारणच नव्हते. 'ज्ञानोदय'च्या संपादकांनी वय पाहून तो कागद बाजूला ठेवला असता, तर नुकसान कोणाचे झाले असते? मुक्ताचे थोडे, मराठी वाचकांचे जास्त.

मग वयाला काहीच अर्थ नाही काय? तसे माझे म्हणणे नाही. 'हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत' या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या धंद्यातही नुसत्या पदवीने हिशेबतपासनीस होता येत नाही, अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावीच लागते. जेथे हात बसावा लागतो तेथे वर्षे लागतात. लेखनात वय आणखी एक काम करते. लेखक कोठे उभा राहून पाहतो आहे, ते त्यावरून कळते. आपल्या दोन्ही भाषांना या बाबतीत एक सुंदर जोडी लाभली आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी १९५९ साली आली, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. १९६१ साली धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने गिरीश कार्नाडांचे 'ययाति' हे कन्नड नाटक छापले. ते लिहिले तेव्हा कार्नाड बावीस वर्षांचे होते. गोष्ट एकच, बापाने मुलाचे तारुण्य मागून घेतल्याची. एकसष्टीच्या लेखकाने भोगाच्या मागे धावणाऱ्या माणसाची तगमग आणि पश्चात्ताप रंगवला. बाविशीच्या लेखकाने मुलाच्या घरात डोकावून पाहिले. तेथे पुरूची नवी नवरी चित्रलेखा सासऱ्याला जाब विचारायला उभी राहिली. यातले खरे कोणते? दोन्ही. एकाच्या वयाला जे दिसले ते दुसऱ्याच्या वयाला दिसले नसते. दोन्ही लेखकांना पुढे ज्ञानपीठ मिळाले, हेही सांगायला हवे. वयाने गोडी बदलते, ती कमी होत नाही. आणि विश्वासाचा हिशेब तर अगदी वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

ती वही आम्ही जाणतो. कीर्दीतली नोंद विशीतल्या कारकुनाने केली की साठीतल्या दिवाणजीने, हे हिशेब तपासणारा विचारत नाही; तो नोंदीमागचे व्हाउचर मागतो. व्हाउचर असेल तर नोंद खरी, नसेल तर दिवाणजींचे पांढरे केसही तिला वाचवू शकत नाहीत. आज आपल्या मोबाइलवर रोज औषधांचे, गुंतवणुकीचे, इतिहासाचे किती तरी मजकूर येतात आणि त्यांच्याखाली कोणा वयोवृद्ध डॉक्टरांचे किंवा प्राध्यापकांचे नाव चिकटवलेले असते. ते चिकटवणाऱ्याला आपली सवय पक्की ठाऊक आहे. वय आणि मान पाहूनच आपण फसतो. हाच न्याय आम्हा तरुणांनाही लागू आहे. 'लहान तोंडी मोठा घास घेत आहे, क्षमा असावी' अशी सुरुवात करून पुढे काहीही लिहायचे, किंवा 'आम्ही तरुण म्हणून आमचेच खरे' असा आवेश आणायचा, या दोन्ही गोष्टी व्हाउचरवाचूनच्याच. पंचविशीतल्या आंबेडकरांनी दोन्ही केल्या नाहीत. दुसऱ्याचे मत आधी नीट मांडले, मग खोडले, आणि आपला सिद्धान्त टिकत नसल्याचे कोणी दाखवल्यास तो सोडण्याची तयारीही निबंधाच्या शेवटी सांगून ठेवली.

तेव्हा गुरुजनांना माझी एवढीच विनंती आहे, की आमच्या लेखावर लाल शाई सढळ हाताने चालवावी. सन चुकला तर सन खोडावा, मुद्दा लंगडा असेल तर कोठे लंगडतो ते समासात लिहावे. मात्र वयाची सूट देऊ नये. सूट दिलेला माल कोणी मन लावून पारखत नाही. आणि माझ्या बरोबरीच्या मित्रमैत्रिणींनो, या अंकाची पाने चाळताना एकदा नावाखालच्या वर्गावर बोट ठेवून लेख वाचून पाहा, मराठीतला आणि कन्नडमधलाही. पटला तर का पटला, नाही पटला तर का नाही, ते लेखकाला कँटीनमध्ये गाठून सांगा. त्याचे वय काय, हे मागाहून विचारले तरी चालेल.