सिमेंटचे गॉथिक

आमच्या वऱ्हाडात, पिंपळगाव राजासारख्या गावी, प्रार्थनामंदिराचा विषय निघाला की बैठकीत हटकून एक छायाचित्र फिरू लागते. भातशेतांच्या कडेला उभे असलेले, पांढरेशुभ्र, अणकुचीदार शिखरांचे ते चर्च असते गोव्याच्या बारदेश तालुक्यातील साळगावचे. “फादर, असंच पायजे आपल्याले,” असे मंडळी म्हणतात. मग जुन्या दगडी भिंती, कौले, सागवानी तुळया असे सारे पाडून तेथे सिमेंटचा सांगाडा उभा करण्याचा ठराव होतो. या ठरावाला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही साळगावचाच दाखला देऊन मांडणार आहोत.

साळगावचे देवमातेचे चर्च १८६७ ते १८७३ या काळात बांधले गेले. अनेकांना ते मध्ययुगीन वाटते, पण तो समज खरा नव्हे. गोव्यात त्यापूर्वी तीन शतके चर्च उभी राहत होती ती निराळ्या वळणाची. जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिका १६०५ साली पूर्ण झाली, तिचे दर्शनी रूप आठवावे. गॉथिक ही साळगावकरांच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. त्याच सुमारास मुंबईत राजाबाई टॉवरचे काम (१८६९ ते १८७८) चालू होते, आणि कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्येच उपासनेसाठी खुले झाले होते. साळगावने निवडली ती त्या काळची चालू पद्धत.

आणि त्या नव्या वास्तूत मूर्ती कोणती बसवली? जुने गोवे परिसरातील फ्रान्सिस्कन मठाच्या अवशेषांतून आणलेली देवमातेची. १८३५ साली गोव्यातील पुरुषांचे धर्मसंघ सरकारी हुकुमाने बंद झाले, मठ ओस पडले, छपरे कोसळली. त्या पडझडीतून साळगावकरांनी आपली माउली उचलून गावात आणली. अशा चर्चचे छायाचित्र हाती धरून आपले जुने मोडीत काढायला निघणे आम्हांला तरी उमगत नाही.

आता गॉथिक म्हणजे काय, तेही पाहू. टोकदार कमान केवळ शोभेची नसते. अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा ती बाजूचा रेटा कमी देते, भार अधिक सरळ खाली उतरवते. उरलेला रेटा बाहेरचे दगडी धिरे झेलतात. भिंतीवरचे ओझे असे हलके झाले, म्हणून तिच्यात मोठमोठ्या खिडक्या काढता आल्या. युरोपच्या उत्तर भागातील मंद उजेडात त्या खिडक्यांची गरज होती. आमच्या सिमेंटच्या चर्चमध्ये भार वाहतात ते लोखंडी सळयांचे खांब. कमान प्लास्टरने चिकटवलेली, धिरे पोकळ, आणि रंगीत काचांतून मे महिन्याचे वऱ्हाडी ऊन थेट वेदीवर! पारा ४४-४५ अंशांवर गेला की ख्रिस्तयागाला बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काय होते, हे ठेकेदाराला विचारून उपयोग नाही. तो रविवारी येत नाही.

उलट बाजूने काहीजण म्हणतात, गॉथिक मुळातच परकीय, तेव्हा जुनी टोकदार खिडकीही नको. हे मतही आम्हांला मान्य नाही. टोकदार कमान युरोपात पोहोचली ती पूर्वेकडून, असे अनेक इतिहासकार मानतात. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेडला सोळाव्या शतकातील दगडी मशीद आहे. तिच्या कमानी जाऊन पाहाव्यात.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानाने हा वाद केव्हाच मिटवला आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य जपावे, मौल्यवान कलावस्तू हातच्या जाऊ देऊ नयेत, हेही त्यातच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचा १२१६ वा नियम चर्चच्या बांधणीत व दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगतो. आमच्या काही बंधुधर्मगुरूंना मात्र संगमरवरी पाटीवर स्वतःचे नाव कोरण्याची घाई असते. दुरुस्तीची पाटी कोणी लावत नाही, म्हणून दुरुस्ती होत नाही!

“जागा पुरत नाही,” ही तक्रार तेवढी खरी आहे. पण दोन्ही बाजूंना पडव्या काढून मधल्या भिंतीत दारे उघडता येतात, आणि पडवीची सावली भिंतीवर पडून आतला उकाडाही कमी होतो. “भिंतींना ओल येते,” हेही खरे. पण ती बहुधा आपणच आणलेली असते. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेले पाणी बाहेर पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडते, क्षार साचून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मग इमारत मोडकळीस आली, असा शेरा मारला जातो. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा काच-पोलादाच्या नव्या छपराचे आराखडे निघालेच होते. अखेर ओकच्या लाकडाचे छप्परच पुन्हा घडवले गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, तेवढ्याची गरजही नाही. म्हणून आमचे मागणे साधे आहे. पाडण्याच्या कोणत्याही ठरावापूर्वी चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि एक वास्तुतज्ज्ञ यांनी भिंत पाहावी, दुरुस्तीचा अंदाजी खर्च साऱ्या धर्मग्रामासमोर वाचला जावा, आणि तो नव्या बांधकामाच्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहावा. हे होईपर्यंत फुटकी कौले बदलून घ्यावीत. मृगाचा पाऊस बैठकीच्या तारखेसाठी थांबत नाही.