भंगारात टाकण्याआधी काचेवरचं नाव वाचा

सांडोरच्या एका जुन्या घराच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सापडला आणि घरच्यांनी थेट भंगारवाल्याला हाक मारली. पालकांनो, असं करू नका. पण 'चालतो का बघू' म्हणून प्लगही लावू नका! प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट टिकून राहू शकतात. झाकण उघडावं ते जुन्या रेडिओ मेकॅनिकनेच. त्यांनाच एकदा वर्गात बोलवा की.

मुलांना मात्र काचेवरचं नाव वाचू द्या. ईसीसी ८३ मधला 'ई' म्हणजे फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट, दोन 'सी' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. ईएल ८४ मधला 'एल' म्हणजे स्पीकरला ताकद देणारा पेंटोड. 'बीईएल' दिसलं, तर व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, आपल्याच देशातला. आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. निर्वात म्हणजे काय, हे कुठलं पुस्तक इतकं स्पष्ट दाखवतं?

दुरुस्तीत सगळंच नवीन घालायचा हट्ट मला पटत नाही. सुकलेले कपॅसिटर बदला, मूळ ट्रान्सफॉर्मर जपा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा मिळणं कठीण.