कर्णाचे वकील

पुराणकथा नव्याने सांगण्याला सध्या मोठा भर आला आहे. दर दिवाळीला कोणी ना कोणी कर्ण, ऊर्मिला, नाही तर कैकेयी नवी वस्त्रे लेवून वाचकांपुढे उभी राहते. त्याला माझी हरकत नाही; मी याच धंद्यातला आहे. माझी हरकत आहे ती वकिलीला. लेखक एका पात्राचे वकीलपत्र घेतो, त्याचे सारे गुन्हे पुसतो आणि उरलेल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. यालाच म्हणे नवा अन्वयार्थ म्हणावयाचे!

हे पाप मीही केले आहे. माझ्या एका कादंबरीतला कर्ण द्यूतसभेत मान खाली घालून बसतो. लिहिताना मला त्याचा फार उमाळा आला होता. पुढे एका मोकळ्या तासाला नववीच्या वर्गात मी हीच कथा सांगू लागलो. उद्योगपर्व आले. कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो आणि म्हणतो, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कठोर बोललो, त्याने आज माझा जीव जळतो आहे. इतक्यात एक मुलगी उठली. “सर, पण सभेत तो काही बोललाच नाही ना? मग पश्चात्ताप कशाचा?”

मी निरुत्तर झालो. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलेलो नाही. महाभारत वाचले तेही मराठी भाषांतरातून. पण व्यासांनी काय साधले आहे ते त्या मुलीने मला शिकविले. व्यासांचा कर्ण सभेत गप्प नाही. तो द्रौपदीला कुलटा ठरवितो, तिची वस्त्रे उतरविण्यास दुःशासनाला सांगतो. आणि हाच माणूस पुढे कृष्णाला विनवितो, की माझा जन्म युधिष्ठिराला सांगू नकोस. कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि ते मला मिळाले तर मी दुर्योधनाला देऊन टाकीन. एवढा हीन आणि एवढा थोर, एकच माणूस! गोष्ट रंगते ती या गाठीने. मी सभेतले शब्द पुसले, तेव्हा पुढचा पश्चात्तापही पुसला गेला.

‘वाचकाला नायक निष्कलंक लागतो’ असे म्हणतात. हे खोटे आहे. कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला कर्णाचे चाक रुतणार हे पाठ असते. तरी ती दोन तास हलत नाही. पुढे काय होणार हे तिला ऐकावयाचे नसतेच. या माणसाने असे का केले, हे ऐकावयाचे असते. वकिलापाशी त्याचे एकच उत्तर : दुसऱ्यांनी करावयास लावले!

आणि वकिलांची मोठी साक्ष कोणती? स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ म्हणून कर्णाचा अपमान केला, ही. भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्या मुख्य पाठात तो प्रसंग नाही. उलट इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) पाहा. ती कादंबरी नव्हे, नुसते लेख. त्यांत कोणाचीच गय केलेली नाही, आणि ते आजही आवडीने वाचले जातात.

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघालीच, तर तिच्यातला कर्ण सभेत बोलेल. काही वाचक रागावतील. रागावोत. नववीतल्या त्या मुलीचे उत्तर माझ्याकडून अजून देणे आहे.