मागाचा सातबारा निघत नाही : विणकर कुटुंबांनी मूळ गाव शोधायचे कुठे?

राळेगणसिद्धीचा १९७५ नंतरचा इतिहास पुस्तकांत, अहवालांत, बातम्यांत सहज सापडतो. त्याआधीचे पणजोबा शोधायचे असतील, तर इथल्या शेतकऱ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार आहेत. याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरात, पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. त्या घरातल्या नातवाने मूळ गाव पाहायचे ठरवले, तर गाव कोणते इथूनच सुरुवात.

आपल्याकडचा जुना कागद जमिनीभोवती फिरतो. विणकराकडे बहुधा माग होता, शेत नव्हते. शिवाय तेलंगणा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात. सरकारी कामकाज उर्दूत. कागद सापडलाच तर वाचणारा शोधा!

स्कॉटलंडच्या विणकराकडे तरी कुठे जमीन होती? पण तिथे जन्म, विवाह, मृत्यूची नोंद १८५५ पासून सक्तीची आहे. जनगणनेच्या घरोघरच्या याद्या १०० वर्षांनी खुल्या होतात आणि ऑनलाइन पाहता येतात. किलबार्कन या विणकरांच्या गावात तर १७२३ मधले मागाचे घरही जपले आहे. वंशज नाव शोधून मगच गावी जातो. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार मात्र या याद्या कोणालाच पाहता येत नाहीत.

हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात आहे आणि जात पडताळणीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो मिळू शकतो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किंवा गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरे तालुक्यातालुक्यांत उघडली गेली. शोध कुणबी नोंदीचा होता; त्याच पानावरचा साळी, कोष्टी, पद्मशाली तसाच राहिला. माझ्या मते ही मोठी संधी हुकली. पान हातात आहे, तर त्यावरच्या सगळ्या नावांची सूची करायला हवी. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, फक्त तसा आदेश निघायला हवा.

तोवर गाडीचे तिकीट काढण्याआधी घरातल्या आजीला विचारा : इंटिपेरू काय, कुलदैवत कुठले, सोयरीक कोणत्या गावांशी होती? आणि ती सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, तेलुगूतच.