मोबाइलमधले लिंकिंग

भातलावणीच्या दिवसांत युरियाची गोणी आणायला बाजारात गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी एक शब्द हटकून पडतो, लिंकिंग. युरिया पाहिजे असेल तर सोबत ही औषधाची बाटली किंवा ती पिशवी घ्यावीच लागेल, असे दुकानदार सांगतो. वरूनच तसा माल आला, आमचा नाइलाज आहे, असेही वर म्हणतो. शेतकरी कुरकुरतो, पैसे मोजतो आणि नको असलेली बाटली घरी आणून माळ्यावर टाकतो. कृषी खाते दर हंगामात विक्रेत्यांना बजावते, शेतकरी तक्रारी करतात, वर्तमानपत्रांत ओरड होते. आणि ती ओरड रास्तच आहे. परंतु हेच लिंकिंग आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये राजरोस चालू असताना आपण मात्र चकार शब्द काढत नाही, याचे मला नवल वाटते.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो घरच्याच एका प्रसंगाने. हिरड्याच्या आणि मजुरीच्या पैशांतून आमच्या घरी, आहुप्याला, एक स्वस्तातला फोन आला. घरात माणसे पाच आणि फोन एक. पेटीतून काढला तेव्हाच त्यात पन्नासाहून अधिक ॲप होती. आम्हाला लागणारी त्यांतली फार तर दहा. बाकी खेळ, खरेदीची दुकाने, बातम्या, फोन 'स्वच्छ' करून देणारे कसलेसे यंत्र, असा सगळा गोतावळा. आठ दिवसांत एक नवीनच भानगड सुरू झाली. रोजचा डेटा दुपारच्या आतच संपू लागला. धाकटी बहीण चोरून व्हिडिओ पाहते, असा घरात निष्कर्ष निघाला आणि तिला बोलणी बसली. ती रडून सांगत होती, पण कोणी ऐकले नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या दिवशी ती रेंजसाठी टेपाडावर जाऊन बसली, तेव्हा डेटा शिल्लक नव्हता. त्या रात्री मी सेटिंगमधली डेटा वापराची यादी उघडली. सर्वांत वरचे नाव होते बातम्यांच्या एका ॲपचे. ते घरात कोणी एकदाही उघडले नव्हते. काढून टाकायला गेलो तर 'काढा' हे बटणच नव्हते; फक्त 'बंद करा' एवढीच मुभा होती. बहिणीची क्षमा मागितली, पण आरोप करताना आवाज जेवढा मोठा होता तेवढा क्षमा मागताना नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

ही पाहुणेमंडळी फोनमध्ये येतात कशी? स्वस्त फोनच्या किमतीत बनवणाऱ्याला फारसे सुटत नाही. म्हणून तो आपल्या फोनमधली जागाच विकतो. ॲपवाल्या कंपन्या त्याला पैसे देतात आणि फोन ग्राहकाच्या हाती येण्याआधीच त्यात बिऱ्हाड थाटतात. संगणकावर हाच प्रकार वेगळ्या रीतीने होतो. एखादे फुकटचे सॉफ्टवेअर बसवताना एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुसऱ्याच कशाची तरी शिफारस असते आणि चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. आपण घाईघाईने 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो. एकदा आत शिरले की हे कार्यक्रम पडद्याआड इंटरनेटशी संधान बांधतात. जाहिराती आणतात, स्वतःची नवी आवृत्ती उतरवतात आणि जाताना आपली खबर घेऊन जातात.

हे सर्व अतिरंजित वाटत असेल तर काही घटना पाहाव्यात. लेनोव्हो कंपनीने २०१४ मध्ये विकलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिरातींचा कार्यक्रम आधीच बसवलेला होता. तो सुरक्षित संकेतस्थळांशी चाललेल्या संभाषणातही शिरत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या 'ब्लू' या स्वस्त फोनमध्ये 'ॲडअप्स' कंपनीचे सॉफ्टवेअर सापडले. ते लोकांचे संदेश दर ७२ तासांनी चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होते. संपर्कयादी आणि कॉलची नोंदही जात होती. आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये असंख्य फोनांच्या संपर्कयादीत आधारचा जुना मदत क्रमांक आपोआप उगवला. आपल्याकडून २०१४ मध्ये तो अनवधानाने घातला गेला, असा खुलासा गुगलने केला. क्रमांकाने कोणाचे नुकसान झाले नसेल; पण आपल्या वहीत आपल्या नकळत दुसऱ्याचे अक्षर उमटू शकते, हे त्या दिवशी देशाला कळले.

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" असे पुष्कळ मित्र म्हणतात. वास्तविक पाहता आपल्याच फोनमध्ये सर्वाधिक जोखीम असते. जातीचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला या सगळ्यांचे फोटो आपण फोननेच काढतो. असे फोटो काढण्यासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना घातक कार्यक्रम आढळला होता. तो जाहिरातींसाठी जोडलेल्या परक्या भागातून आत आला होता. शिवाय आपल्या घरातला फोन एकट्याचा नसतो. त्यात आईच्या बचतगटाचे संदेश असतात, मजुरीला नारायणगावकडे गेलेल्या भावाचा नंबर असतो. एकाने दाबलेल्या 'मान्य'ने पाच जणांची खबर बाहेर जाते.

दुसरा युक्तिवाद असा, की फोन स्वस्त मिळतो, ॲप फुकट मिळते, मग थोडी जाहिरात सोसली तर बिघडले कुठे? गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, हे मला कोणी सांगायला नको. परंतु स्वस्त म्हणजे किती, हे तरी त्याला कळले पाहिजे. हिरडा घालताना व्यापाऱ्याने मारलेला काटा निदान डोळ्यांसमोर असतो; भांडता येते. इथे काटा दिसत नाही, वजन कळत नाही आणि माल कोण घेऊन गेला तेही ठाऊक नाही. अशा सौद्याला सौदा म्हणता येणार नाही.

कायदा आता आपल्या बाजूला सरकू लागला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये ॲपचा अख्खा संच आधीच बसवायला लावणे, हे त्यामागचे एक कारण होते. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर एक बोलके उदाहरणच दिले आहे. उपचाराचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी तो होकार उपचाराला लागेल तेवढ्यापुरताच धरला जाईल. म्हणजे गठ्ठ्याने घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. लादणारा प्रत्येक वेळी कंपनीच असतो असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' आधीच बसवण्याचा आदेश काढला. हेतू चोरीच्या फोनांचा आणि फसवणुकीचा बंदोबस्त करण्याचा होता. परंतु देशभर आवाज उठला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेण्यात आली. ओरड केली तर ऐकू जाते, याचा हा ताजा पुरावा आहे.

तेव्हा आपण काय करावे? डेटा वापराची यादी महिन्यातून एकदा पाहावी. नको ते काढावे. निघत नसेल ते बंद करून त्याचा पडद्याआडचा डेटा तोडावा. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, असा प्रश्न परवानगी देताना विचारावा. संगणकावर सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि आधीच केलेल्या खुणा पुसाव्यात. परंतु एकेकट्याने हे किती दिवस करायचे? फोन अद्ययावत झाला की बंद केलेले पाहुणे कधीकधी पुन्हा दारात उभे राहतात. म्हणून माझी सूचना आहे, की प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या संगणक कक्षात एक दिवस फोनची साफसफाई ठेवावी. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या आयाबहिणींचे फोनही घ्यावेत. आणि गुरुजनांना एक नम्र विनंती. टिपणे किंवा हजेरीसाठी नवे ॲप घ्यायला सांगताना ते आमच्या फोनमधून काय मागते, हे आधी पाहावे. लिंकिंग आपल्या वर्गातूनही होऊ नये.

आहुप्याच्या देवराईत विचारल्याशिवाय कोणी कुऱ्हाड लावत नाही. तो नियम आमच्या आजोबांना कोणत्या कायद्याने शिकवला नव्हता. जे आपले नाही त्याला विचारून हात लावावा, एवढीच त्यांची समजूत होती. तेवढीच अपेक्षा आम्ही आमच्या फोनकडून करतो आहोत.